खव्याचा संडास

मी पेढा खात नाही. कुणाचा निकाल लागो, कुणाला मुलगा होवो, समोर बॉक्स आला की मी हात मागे घेते. लोकांना वाटतं मला साखर आहे. नव्या ओळखीच्या बायका तर आवाज खाली आणून विचारतात, गोळ्या चालू आहेत का म्हणून. मी हो म्हणते. खरं कारण सांगितलं तर त्यांच्या घशातला पेढा तिथेच अडकेल, आणि त्यांच्या घरच्या आनंदाशी माझं काही वाकडं नाही. माझं वाकडं आहे ते आमच्या पॅसेंजरशी.

ही पॅसेंजर लातूर रोडकडून यायची आणि उदगीर, कमालनगर, भालकी, बिदर करत हैदराबादच्या दिशेने रखडत जायची. रूळ निजामाच्या काळातले होते. डबे त्यानंतरचे, पण ते शेवटचे धुतले असतील तर निजामाच्याच काळात, असं आम्ही रोजचे लोक म्हणायचो. मी तेव्हा बिदरला एका खाजगी शाळेत लहान मुलांना शिकवत होते. सकाळी कमालनगरला चढायचे, संध्याकाळी उलट्या गाडीने परत यायचे. गावातली पोरं तेव्हा भराभर बाहेर पडत होती. कुणी हैदराबादला हॉटेलात, कुणी पुण्याला बांधकामावर. स्टेशनसमोर पिवळ्या पाटीचा फोनचा खोका आला होता आणि त्याच्यापुढे ताटकळलेल्या आया दिसायच्या. एवढं सगळं बदलत होतं, पण पॅसेंजरला त्याचा गंध नव्हता. तिचा गंध वेगळा होता.

खेड्यातला आगगाडीचा प्रवास म्हटलं की लोकांना खिडकीतून दिसणारी हिरवी शेतं आठवतात. शेतं होती. लाल माती होती, तुरी होत्या, सूर्यफुलं होती, आणि रुळाच्या कडेने ओळीत बसलेले पुरुष होते. सकाळची गाडी म्हणजे त्यांची करमणूक. गाडी अगदी जवळून गेली तरी एकही जागचा हलायचा नाही. बिडी ओढत, दारातल्या ओळखीच्या माणसाला हात करून "काय अप्पा, बिदरला व्हय?" असं विचारत ते निवांत बसलेले असायचे. बायका मात्र उभ्या. लांबून भोंगा ऐकला की त्या झुडपाआडून उठायच्या, पदर तोंडावर ओढायच्या, हातातला पाण्याचा डबा पाठीमागे धरायच्या आणि शेवटचा डबा जाईपर्यंत तशाच उभ्या राहायच्या. मालगाडी असली तर बराच वेळ. लहानपणी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, त्या गाडीला मान देतायत.

आतला देखावा बाहेरच्यापेक्षा बरा नव्हता. खिडकीखालच्या पत्र्याचा मूळ रंग कोणता होता हे तंबाखूच्या पिचकाऱ्यांमुळे सांगता यायचं नाही. खिडकीच्या गजांना बाहेरून दुधाच्या किटल्या टांगलेल्या, त्यातून गळालेलं दूध वाऱ्याने आत उडायचं आणि साडीवर आंबायचं. भुईमुगाच्या टरफलांचा चिखल झालेला. एखादा मेंढपाळ म्हातारा कोकरं घेऊन बाकाखाली सारायचा आणि ती बिचारी घाबरून जे करायची ते वळणावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहत यायचं. आमच्या घरातही आजोबांपर्यंत मेंढरंच होती, त्यामुळे कोकरांना आणि घोंगड्याच्या वासाला मी नाक मुरडणार नाही. मला किळस यायची ती माणसांची. पुण्याहून सुट्टीला आलेली पोरंसुद्धा, पायात नवेकोरे पांढरे बूट, तोंडात गुटख्याची पुडी, आणि थुंकायचं ते समोर बसलेल्या बाईच्या पायापाशी.

पण हे सगळं एकवेळ सहन झालं असतं. न सहन होणारी गोष्ट डब्याच्या पुढच्या टोकाला होती. तिथे समोरासमोर दोन संडास होते, आणि दोन्हींच्या कड्या बाहेरून तारेने पिळून बांधलेल्या असायच्या. आत खवा असायचा.

उदगीरच्या आसपासचा खवा हैदराबादच्या मिठाईवाल्यांकडे जायचा. वेताच्या पाट्यांत पळसाची पानं अंथरून, वर ओलं फडकं टाकून, एकावर एक रचलेल्या पाट्या. त्या संडासात का, असं मी पहिल्याच आठवड्यात खवेवाल्यांच्या म्होरक्याला विचारलं होतं. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. पोट सुटलेला, कपाळाला अंगारा लावलेला, गोड बोलणारा माणूस. मला काही कळत नसल्यासारखं त्याने समजावून सांगितलं.

"अक्का, भोकातून खालून गार वारा लागतो. खवा आंबत न्हाई. हैदराबादला उतरवला की जसाच्या तसा."

"पण संडासात, अण्णा?"

"रोज धुतो की! उदगीरला दोन बादल्या मारतो, अगरबत्ती लावतो, मग पाट्या ठेवतो. तुमच्या देवघरापेक्षा स्वच्छ असंल."

माणूस खोटं बोलत नव्हता. दाराच्या फटीतून मी स्वतः पाहिलं, खिडकीच्या जाळीत अगरबत्ती खोचलेली होती आणि तिची राख वरच्या पाटीच्या फडक्यावर पडत होती. अख्ख्या गाडीत धुतलेली जागा म्हणाल तर ती तेवढीच. आणि तिथे गाडीतल्या एकाही बाईला जाता येत नव्हतं.

मागच्या टोकाच्या दोन संडासांपैकी एकाला दार नव्हतं. दुसऱ्यात पाय ठेवायची सोय नव्हती, त्याचं वर्णन मी करत नाही, अजून जेवायचं आहे. पुरुषांचं यावाचून काही अडत नव्हतं. ते चालत्या गाडीच्या दारात उभे राहायचे. दारामागच्या खिडकीत बसणाऱ्याने त्यांना उभं राहताना पाहिलं की आपली खिडकी पटकन खाली ओढायची, एवढा शिष्टाचार आमच्याकडे पाळला जायचा. टीसी यायचा, खवेवाल्यांपाशी थांबायचा, अण्णा त्याच्या हातावर पळसाच्या पानात खव्याचा गोळा ठेवायचा आणि तो संडासाच्या दाराला टेकून बोटं चाटत खायचा. मग तिकिटं तपासायला आमच्याकडे यायचा, त्याच बोटांनी.

बायकांची रीत एकच होती. गाडीने जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. हे कुणी कुणाला शिकवावं लागत नव्हतं. लग्नाला निघालेली नवरी असो की नातवाला बघायला निघालेली म्हातारी, ओठ कोरडे ठेवूनच घरातून निघायची.

माझी माय या रीतीत सगळ्यांच्या पुढे होती. तिचं माहेर दुबलगुंडीचं. तिकडे तेव्हा रेल्वे नव्हती, पण रानात दिवसभर दुसऱ्याच्या बांधावर खुरपताना आडोसा नव्हता, त्यामुळे पाणी न पिता दिवस काढायची सवय तिला लग्नाआधीपासून होती. ती सवय पुढे अंगावर आली. कमरेत कळ यायची, थंडी वाजून ताप यायचा, लघवीला जळजळ व्हायची. तिने हे कितीतरी महिने कुणाला सांगितलं नाही. एकदा खुरपं टाकून बांधावरच आडवी झाली तेव्हा मी तिला बिदरला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर वयस्क होते, दखनीत बोलायचे, आणि रागावले की चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. फोटो काढला, तपासण्या झाल्या. दोन्हीकडे खडे निघाले, आणि उजवं मूत्रपिंड सुजलेलं.

"अम्मा, पानी पीते नै क्या?" त्यांनी चष्मा काढला. "खूब पानी पीना. रोक के नै रखना. ऐसाच चल्या तो ये गुर्दा निकालना पडता, समझे?"

"पिते की, साब," माय म्हणाली.

मग दर महिन्याला दाखवायला जायचं ठरलं. पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर असलेल्या माझ्या भावाने दिवाळीला येताना प्लास्टिकची एक रिकामी पाण्याची बाटली आणली होती. पाणी पैसे देऊन विकत घेतात याचं मायला फार हसू आलं होतं, पण बाटली तिने जपून ठेवली होती. बिदरला जायच्या दिवशी मी ती काठोकाठ भरून तिच्या पिशवीत ठेवायचे आणि सांगायचे, बिदर येईपर्यंत ही संपली पाहिजे. आणि ती संपायची. बिदरला उतरून मी बाटली हातात घ्यायचे तेव्हा तिच्यात थेंब नसायचा. मला बरं वाटायचं. दवाखान्यात शिरल्या शिरल्या ती आधी मागच्या अंगणातल्या संडासाकडे पळायची, तेव्हा मी मनात म्हणायचे, चला, पाणी पोटात गेलंय.

तरी ताप थांबेना. डॉक्टर फोटो बघायचे, चष्मा काढायचे. "अम्मा, पानी?" माय पिशवीतून रिकामी बाटली काढून त्यांना दाखवायची. डॉक्टर बाटलीकडे बघायचे, मायकडे बघायचे आणि औषध बदलून द्यायचे.

त्या दिवशीचा फेरा मात्र वेगळा होता. रात्री ताप येऊन गेला होता. कमालनगरला गाडीत चढतानाच ती वाकून चालत होती. एका माणसाला हातापाया पडून मी तिला खिडकीची जागा मिळवून दिली आणि मी नेहमीसारखी वाटेतल्या गर्दीत उभी राहिले. भालकी येईपर्यंत तिचा चेहरा काळवंडला. पाय एकमेकांत घट्ट आवळलेले, एक हात ओटीपोटावर, आणि नजर बाहेर. आयुष्यभर बायका असं बसलेल्या बघितल्या आहेत, मला काही विचारावं लागलं नाही. भालकी सुटली तशी मी गर्दीतून वाट काढत पुढच्या टोकाला गेले.

अण्णा एका उपड्या रिकाम्या पाटीवर बसून तंबाखू मळत होता.

"अण्णा, एक संडास मोकळा करा. मायला बरं न्हाई."

"आता कसं करावं अक्का? पाट्या रचल्यात. बिदर येतंयच की."

"बिदरला अजून वेळ आहे. तुम्ही पाट्या बाहेर घ्या. मी परत आत ठेवायला हात लावते."

"तुम्ही हात लावल्यावर तो खवा कोण घेईल?" तो हसत म्हणाला. "हलबर्ग्याला गाडी थांबते. तिथं बाजूला जावा म्हणावं म्हातारीला. गार्डला सांगून जरा जास्त थांबवतो गाडी. काय म्हणता साहेब?"

साहेब म्हणजे टीसी. तो दाराला टेकून पळसाचं पान चाटत होता. तो हसला. मग आजूबाजूचे हसले. एकजण म्हणाला, "अख्खी गाडी थांबवायची, राणीसारखी!" आणि पुन्हा हशा झाला. मी त्या तोंडांकडे पाहिलं. लाल दात, मिशीला खवा, गळ्यात माळा. यातल्या प्रत्येकाला घरी आई असणार, आणि ती आज पाणी न पिता घरातून निघाली असली तर यातल्या कुणाला कळणारही नव्हतं.

मी कडीची तार उलगडायला सुरुवात केली. अण्णा उठायच्या आत दार उघडून वरची पाटी मी बाहेर ओढली आणि खाली ठेवली. खाली म्हणजे जिथे सगळे थुंकत होते तिथे.

"अरे! बाटला की माल! बाटला!" अण्णा ओरडला. त्याचा गोड आवाज कुठल्या कुठे गेला. "कामून असं करायलीस? लाज हाय का न्हाई?"

माझा तोल गेला. इतकी वर्षं रोज संडासात ठेवला तेव्हा तो खवा बाटला नव्हता, बाईने हात लावला आणि बाटला! मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं सांगते की मी शाळेतली बाई आहे हे त्या दिवशी कुणाला खरं वाटलं नसतं. टीसीला मी विचारलं, हे पान चाटून झालं असेल तर या पाट्यांचं सामानाचं तिकीट दाखवा. तो एकदम कामात असल्यासारखा पुढच्या डब्याकडे निघून गेला. टीसी गेला तशी अण्णाची हवा निघाली. तोंडाने शिव्या देत त्याने उरलेल्या पाट्या बाहेर घेतल्या. आत फरशी खरंच पांढरीस्वच्छ होती आणि अगरबत्ती जळत होती.

मी मागे वळले आणि बघतच राहिले. डब्यातल्या बायका उठल्या होत्या. हातात चुडा भरलेली एक पोर, कडेवर लेकरू घेतलेली एक, काठी टेकत आलेली एक म्हातारी, आणखी मागून आणखी. माना खाली घालून त्या एकामागे एक उभ्या राहिल्या आणि एकेक करून आत जाऊ लागल्या. एवढ्या सगळ्याजणी इतका वेळ अडवून बसल्या होत्या, आणि मला तरी कुठे माहीत होतं? मी आपल्या एकटीच्या मायचं बघत होते.

माय मात्र रांगेत नव्हती. ती खिडकीतच बसून होती. वाट मोकळी झाली होती, मी सरळ तिच्यापाशी जाऊन पोचले.

"माय, चल. उघडलंय."

"मला न्हाई लागली," ती बाहेर बघत म्हणाली.

"माय!"

"हळू बोल." तिचे ओठ पांढरे पडले होते. "सगळ्यांला कळालंय आता, कुणासाठी ते. सगळे माझ्याकडंच बघायलेत. मी कशी जाऊ?"

आणि ते खरं होतं. माझ्या आरडाओरड्याने डब्यातल्या प्रत्येकाला कळलं होतं की खिडकीतल्या म्हातारीला लागली आहे. बाकावरची सगळी तोंडं वळून तिच्याकडे बघत होती, ती उठते का, कशी चालते, किती वेळ लागतो. तिच्यासाठी मोकळ्या केलेल्या जागेत डब्यातली प्रत्येक बाई गेली, तेवढी ती एकटी गेली नाही. त्या बघणाऱ्या डोळ्यांचा मला जेवढा तिरस्कार आला तेवढा त्या मागच्या संडासाचाही कधी आला नाही. निदान संडास तुमच्याकडे टक लावून बघत नाही.

हलबर्गा सुटलं आणि थोड्या वेळाने मांजरेचा पूल आला. पुलावर आमच्याकडे सगळे खिडकीकडे झेपावतात. कुणी नाणं टाकतं, कुणी हळदकुंकवाची पुडी, आणि काही नसलं तर बायका जवळच्या पाण्यातली धार नदीला सोडतात. मायही दर वेळी बाटली धरलेला हात खिडकीबाहेर काढायची, हे मी गर्दीतून माणसांच्या खांद्यांवरून पाहिलं होतं. नदीला घोटभर पाणी वाहते, भाविक बाई आहे, असं मला वाटायचं. आज बायका सगळ्या पुढच्या टोकाला होत्या, मी तिच्या अगदी शेजारी उभी होते. तिने बाटलीचं झाकण काढलं. बाटली काठोकाठ भरलेली होती, मी कमालनगरला भरून दिली होती तशी. तिने ती गजांमधून बाहेर उलटी धरली, सगळं पाणी मांजरेत जाऊ दिलं, तळाचे थेंब झटकून टाकले, नदीला हात जोडले, झाकण लावलं आणि रिकामी बाटली पिशवीत ठेवली. मग तिला मी दिसले.

किती महिने ही बाटली अशी नदीत जात होती?

"अशी कामून बघायलीस?" ती म्हणाली. "रिकामी तर झाली की."

बिदरला उतरून ती दवाखान्याच्या मागच्या अंगणात वाकत वाकत गेली. बाहेर आली ती तिथल्या नळापाशीच खाली बसली. ओंजळ लावून पाणी प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. मी बाजूला उभी राहून बघत होते. पुलावर बाटली उलटी झालेली पाहिल्यापासून मी धरून चालले होते की तिला पाणीच नको असतं. तिला तहान लागलेली होती, आणि तशाच तहानेने ती दर महिन्याला माझ्यासमोर खिडकीत बसून यायची.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पण रागावले नाहीत. मायकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, उजवं संपलं आहे, हैदराबादला नेऊन काढून टाका, आता डावं सांभाळा. हैदराबादला जायलाही तीच पॅसेंजर होती. भाऊ पुण्याहून आला. पुढच्या टोकाच्या संडासांच्या कड्या पुन्हा तारेने बांधलेल्या होत्या. अण्णाने मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. बिदरपर्यंत, बिदरपासून पुढे, माय पाय आवळून बसली.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी तिला थोडंफार खायला द्या म्हणाले, तेव्हा भाऊ आनंदाने खाली गेला आणि समोरच्या मिठाईच्या दुकानातून पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. नर्सला पेढा दिला, बाजूच्या खाटेवरच्यांना दिला, मला दिला. मी तो हातात धरून बसले. बॉक्सवर छापलं होतं, शुद्ध खव्याचे. भावाने एक मायच्या तोंडात घातला. तिने डोळे मिटून हळूहळू खाल्ला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "ताजा हाय."

मग तिने पाणी मागितलं. मी पेला दिला, तो तिने संपवला आणि अजून मागितलं. तेही संपवलं. खोलीला लागूनच संडास होता, आणि त्याला आतून कडी होती.